कॅन्सरच्या पेशंटला स्वतःशी मायेनं वागायला कसं शिकवावं

"माझ्यामुळे सगळ्यांची फरफट चाललीय." उपचार चालू असलेल्या माणसांशेजारी बसण्याचं काम करताना हे वाक्य कानावर पडलं नाही असा आठवडा मला आठवत नाही. कोणी ते रडत म्हणतं, कोणी हसत, कोणी सलाईनच्या नळीकडे बघत. आजारानं शरीर पोखरलेलं असतं आणि त्यावर हा माणूस स्वतःलाच टोचून बोलत असतो. असं टोचून बोलणं कमी करता येतं आणि ते शिकवताही येतं. हा लेख शिकवणाऱ्यांसाठी आहे: नर्स, समुपदेशक, स्वयंसेवक आणि घरातलं जे कोणी पेशंटच्या उशाशी बसतं त्यांच्यासाठी.

आत्मकरुणा हा शब्द पुस्तकी आहे, पेशंटसमोर मी तो वापरत नाही. 'स्वतःशी मायेनं वागणं' म्हटलं की पुढचं समजावत बसावं लागत नाही. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी 2003 मध्ये या कल्पनेची नीट मांडणी केली आणि तिचे तीन धागे सांगितले. पहिला, चूक झाली किंवा दुःख आलं तर स्वतःला झोडपण्याऐवजी समजून घेणं. दुसरा, हे दुःख माझ्या एकट्याच्या वाट्याला आलेलं नाही, माणूस म्हटला की हे आलंच, याची जाणीव ठेवणं. तिसरा, दुखतंय हे न लपवता, पण त्यात वाहूनही न जाता बघणं. पुढे नेफ आणि ख्रिस्तोफर गर्मर यांनी मिळून यावर आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम तयार केला. केमो चालू असलेल्या माणसाला आठ आठवडे सलग हजर राहणं जमेलच असं नाही, म्हणून इथे सगळं लहान तुकड्यांत सांगते.

शिकवायला बसण्याआधी एक गोष्ट पक्की करा. हा पेशंटसाठी आणखी एक अभ्यास होता कामा नये. गोळ्यांच्या वेळा, तपासण्या, पथ्य यांची यादी त्याच्यापुढे आधीच असते. त्यात 'रोज वीस मिनिटं स्वतःवर माया करा' हे कलम वाढलं, तर न जमलेल्या दिवशी अपराधीपणाला आणखी एक कारण मिळतं.

आधी दुखणं, मग बोलणं

वेदना, उलटी किंवा धाप आटोक्यात नसेल तर काही शिकवू नका. त्या क्षणी माया म्हणजे नर्सला हाक मारणं आणि औषध मिळेपर्यंत शेजारी थांबणं. निदान कळलं त्या दिवशीही काही शिकवायचं नसतं. त्या दिवशी माणसाला शब्द ऐकू येतात, अर्थ पोचत नाही.

मग वेळ कोणती? सलाईन लावून खुर्चीत बसलेले तास बऱ्याचदा चांगले, कारण दुसरं काही करायचं नसतं. पण त्या दिवशी केमोसोबत स्टेरॉइड दिलेलं असेल तर माणूस अस्वस्थ असू शकतो, रात्री झोप उडते आणि ते औषध थांबल्यावर एक-दोन दिवस मन एकदम खाली बसल्यासारखं होतं. हे आधीच सांगून ठेवावं. "परवा काही कारण नसताना रडू आलं तर घाबरू नका, त्यात औषधाचाही हात असतो," एवढं एक वाक्य पुष्कळ आत्मताडन वाचवतं.

सुरुवात एका प्रश्नानं करा: "आज मनाचा त्रास शून्य ते दहामध्ये किती?" शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होण्यापलीकडे. कॅन्सर रुग्णालयांत यासाठी थर्मामीटरचं चित्र असलेली पट्टी वापरतात, आणि आकडा 4 किंवा त्याहून जास्त आला तर जास्त खोलात चौकशी करावी असा संकेत आहे. मला आकड्यापेक्षा त्यानंतरचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: "यातला सगळ्यात मोठा वाटा कशाचा?" उत्तर दरवेळी मृत्यूची भीती हेच नसतं. रजेचा अर्ज, मुलाची परीक्षा, गळलेले केस, जोडीदाराचं गप्प राहणं असं काहीही निघतं. शिकवायचं ते तिथून सुरू करायचं.

दोषाची गाठ सोडवणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. 'मी काय पाप केलं', 'मी फार ताण घेतला म्हणून झालं', 'लवकर दाखवलं असतं तर' या विचारांवर वरून मायेचे शब्द ओतून उपयोग होत नाही. आधी माहिती लागते. शरीरात पेशी सतत विभागत असतात, दर विभाजनात डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. वय वाढतं तशा त्या साठत जातात. काही कॅन्सरमागे तंबाखू, दारू, विषाणू, किरणं किंवा वारशानं आलेले जनुकीय बदल असतात. पण एका विशिष्ट माणसाला नेमका का झाला, हे अनेकदा कोणालाच सांगता येत नाही. पेशंटला हे साध्या भाषेत सांगा आणि सांगून थोडं थांबा.

मग ज्यानं खरोखर तीस वर्षं तंबाखू खाल्ली किंवा सिगारेट ओढली त्याचं काय? त्याला 'तुमचा काही संबंध नाही' म्हणणं खोटं आहे, आणि खोटं त्याला लगेच कळतं. मी असं म्हणते: "हो, तंबाखूचा वाटा असू शकतो. पण निकोटिन मेंदूला जखडून ठेवणारं व्यसन आहे. तुम्ही सुरू केलं तेव्हा आजार मागून घेतला नव्हता. आणि तीच सवय असलेल्या सगळ्यांना कॅन्सर होत नाही. आज सोडलीत तर उपचारांना मदत होईल. त्यात तुम्हाला साथ हवी आहे, शिक्षा नको." माया म्हणजे जबाबदारी झटकणं, असं अनेकांना वाटतं. चुकीकडे डोळे उघडे ठेवून बघायला उलट मायाच लागते, कारण ज्याला फक्त शिव्याच मिळणार असतात तो बघायचंच टाळतो.

याच्याशी जोडलेला दुसरा जाच म्हणजे 'पॉझिटिव्ह राहा'. कॅन्सर आणि मन यांच्या नात्याचा अभ्यास ज्यांच्यामुळे वैद्यकशास्त्रात रुजला त्या मनोविकारतज्ज्ञ जिमी हॉलंड या आग्रहाला सकारात्मक विचारांची जुलूमशाही म्हणत. 2007 मध्ये डोकं आणि मानेचा कॅन्सर असलेल्या हजाराहून अधिक रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मन किती बरं आहे यावरून कोण किती जगेल हे त्यात ठरत नव्हतं. पेशंटला हे कळतं तेव्हा खांदे सैल पडलेले मी पाहिले आहेत. रडल्यानं गाठ वाढत नाही. घाबरलेला दिवस उपचार वाया घालवत नाही. मन सांभाळायचं ते आजचा दिवस सुसह्य व्हावा म्हणून, आणि तेवढं कारण पुरेसं आहे.

शब्द बदलणं

आता पहिला प्रत्यक्ष सराव. कागद घ्या, मध्ये रेघ ओढा. डावीकडे पेशंटनं स्वतःला आज जे म्हटलं ते त्याच्याच शब्दांत लिहा: 'साधं अंथरूणसुद्धा आवरता येत नाही, निकामी झालेय.' मग विचारा: "शेजारच्या खाटेवरच्या बाई हेच म्हणाल्या तर तुम्ही त्यांना काय म्हणाल?" उत्तर जसं येईल तसं उजवीकडे लिहा: 'अहो, परवाच तर केमो झाली. दोन दिवस पडून राहा की.' शेवटी उजवीकडचं वाक्य पेशंटला स्वतःचं नाव घेऊन मोठ्यानं वाचायला सांगा.

बहुतेक जण अडखळतात. लाज वाटते, हसू येतं, कोणी म्हणतं, "त्यांचं वेगळं, माझं वेगळं." वाद घालू नका. "वेगळं ते काय?" एवढंच विचारा. तो फरक शोधायला गेलं की बरेचदा हाती काही लागत नाही, आणि ते पेशंटच्या स्वतःच्या लक्षात येणं जास्त कामाचं. मैत्रिणीचा दाखला मी मुद्दाम टाळते. आजारपणात काही मैत्रिणी दूर गेलेल्या असतात आणि ती जखम उगाच उघडते. शेजारच्या खाटेवरचं माणूस मात्र त्याच वाटेवर असतं, त्यामुळे दुःख आपल्या एकट्याचं नाही हा दुसरा धागा आपोआप जोडला जातो.

शब्दांइतकाच सूर महत्त्वाचा. 'ठीक आहे, होईल सगळं' हे दटावूनही म्हणता येतं. मनातल्या मनात बोलतानाही सूर असतो, हे दाखवून द्या. लहान बाळाला थोपटताना जो आवाज लागतो तो आठवायला सांगा आणि तेच वाक्य त्या आवाजात पुन्हा म्हणून घ्या.

एवढं जमलं की तीन वाक्यांची एक छोटी साखळी द्या, सुई टोचताना किंवा रिपोर्टची वाट बघताना मनात म्हणायला: "आत्ता मला त्रास होतोय. असा त्रास या खोलीत अनेकांना होतोय. आत्ता मला कशाची गरज आहे?" वाक्यं पेशंटच्या बोलीत फिरवून घ्या. जी आजी कधी 'गरज' म्हणत नाही तिच्यासाठी 'मला आत्ता काय हवंय गं?' हेच योग्य.

शरीरातून माया, पण बघून

स्वतःच्या छातीवर हात ठेवणं, श्वासाकडे लक्ष देणं, पावलांखालची जमीन जाणवून घेणं हे नेहमीचे सराव आहेत. निरोगी माणसांसाठी ते तयार झाले. कॅन्सरच्या पेशंटला जसेच्या तसे दिले तर दुखापत होऊ शकते, शरीरालाही आणि मनालाही.

स्तनाचं ऑपरेशन झालेल्या बाईला छातीवर हात ठेवायला सांगू नका, तिथे पोर्ट (औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली छोटी डबी) बसवलेला असेल तेव्हाही नाही. कुठे हात ठेवला तर बरं वाटतं हे तिलाच शोधू द्या: गाल, पोट, दंड, किंवा एका तळव्यात दुसरा तळवा. काखेतल्या गाठी काढल्यामुळे हाताला सूज येत असेल तर त्या हातावर दाब नको. पॅक्लिटॅक्सेल किंवा ऑक्झालिप्लॅटिनसारख्या औषधांनी पावलांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो; अशा पेशंटला 'पावलं जमिनीवर जाणवा' म्हटलं की त्याला नेमकं हरवलेलंच जाणवतं. त्याला पाठीला टेकलेली खुर्ची किंवा मांडीवरच्या पांघरुणाचं वजन जाणवून घ्यायला सांगा. ऑक्झालिप्लॅटिन घेणाऱ्याला थंड वस्तूचा स्पर्श झोंबतो, तेव्हा शांत होण्यासाठी गार पाण्यात हात बुडवायचा सल्ला त्याला कधीच नको.

श्वासाचंही तसंच. फुप्फुसाचा आजार असेल, धाप लागत असेल तर श्वासाकडे लक्ष गेलं की जीव आणखी घाबरतो. तिथे आवाज वापरा. डोळे उघडे ठेवून, खोलीतला सगळ्यात लांबचा आवाज शोधा, मग सगळ्यात जवळचा. दोन मिनिटं पुरे.

या सरावांत कधीकधी पेशंट एकदम हुंदके देऊन रडू लागतो. बंद खोलीत आग धुमसत असताना दार उघडलं की हवा आत शिरून भडका उडतो, तशातला हा प्रकार. अभ्यासक त्याची तुलना याच भडक्याशी करतात. वर्षानुवर्षं ज्यानं स्वतःला गोड शब्द दिला नाही त्याला तो मिळाला की न मिळालेल्या सगळ्या वेळा आठवतात. असं झालं तर सराव थांबवा, डोळे उघडायला सांगा, खिडकीबाहेर काय दिसतं ते विचारा, पाण्याचा घोट घेऊ द्या. "चुकलं का माझं?" असं पेशंटनं विचारलं तर "नाही, साठलेलं बाहेर आलं" एवढंच सांगा. पुढच्या वेळी अर्ध्यापेक्षा कमी वेळ घ्या.

'त्रास कशाला द्यायचा' या वाक्याशी भांडण

स्वतःची काळजी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सुगंधी तेल आणि मालिश येतं. कॅन्सरमध्ये स्वतःच्या काळजीचा सगळ्यात महत्त्वाचा प्रकार बरेचदा रात्री दोन वाजता करायचा फोन असतो.

अनेक केमो औषधांनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात. तेव्हा 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट ताप आला तर ती तातडीची बाब असते. (तुमच्या रुग्णालयानं वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा.) काही तासांत संसर्ग रक्तात पसरू शकतो. आणि तरी पेशंट काय करतो? एक पॅरासिटामॉल घेतो, पांघरूण ओढतो आणि म्हणतो, "एवढ्या रात्री डॉक्टरांना कशाला त्रास? घरचे आत्ताच झोपलेत." गोळीनं ताप झाकला जातो आणि मोलाचे तास निघून जातात. स्वतःला ओझं समजणं जिवावर बेततं ते असं.

म्हणून फोन करायचा सराव करून घ्या, अगदी नाटकासारखा. "मी अमुक, माझी केमो नऊ दिवसांपूर्वी झाली, आत्ता ताप 38.2 आहे, थंडी वाजतेय." चार वेळा म्हणून घ्या. नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा, थर्मामीटर उशाशी ठेवा. रक्तस्राव, छातीत दुखणं, धाप, पाणीही न टिकणं, अचानक पाय लुळे पडणं यांच्यासाठीही हेच.

थकवा

हा थकवा झोप काढून जात नाही, हे पेशंटला आणि त्याहून जास्त घरच्यांना सांगायला हवं. 'आळस' हा शब्द त्या घरातून काढून टाका. रक्त कमी असणं, थायरॉइड मंदावणं, वेदना, झोपमोड, नैराश्य यांनी तो वाढतो आणि यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय असतात, तेव्हा डॉक्टरांना विचारायला लावा.

मग दिवसाची ताकद मोजून वापरायला शिकवा. सकाळी विचारायचं, आज अंगात किती आहे? त्यातून एक गरजेचं काम, एक आवडीचं, आणि उरलेलं दुसऱ्यावर सोपवायचं. आवडीचं काम कापायचं नाही. बहुतेक जण पहिली कात्री तिथेच चालवतात, आणि मग दिवसात फक्त आजार उरतो.

दुसरीकडे, पूर्ण अंथरूण धरल्यानंही थकवा वाढतो. व्यायामतज्ज्ञ आणि कॅन्सरतज्ज्ञांनी मिळून 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशीत आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी 30 मिनिटं मध्यम वेगाचा व्यायाम आणि दोन वेळा स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगितला आहे. हा आकडा पेशंटला पहिल्याच दिवशी सांगितला तर तो खचेल. खाटेपासून दारापर्यंत दोन फेऱ्या, उद्या तीन. कॅन्सर हाडांत पसरला असेल, तोल जात असेल किंवा प्लेटलेट कमी असतील तर आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला विचारायचं. ज्या दिवशी एकही फेरी जमली नाही त्या दिवशी उजवीकडच्या रकान्यातलं वाक्य काढायचं.

नाही म्हणणं आणि मागणं

मायेची एक बाजू कणखर असते. भेटायला येणारे तासभर बसतात, कोणाचा तरी झाडपाल्यानं बरा झालेला चुलत मेव्हणा निघतो, फोनवर तोच रिपोर्ट दहा जणांना सांगावा लागतो. पेशंटला 'सीमा आखा' असं सांगून काही होत नाही. तयार वाक्यं द्या. "आलात, बरं वाटलं. आता मी पडते." "उपचारांचं डॉक्टरांशी ठरलंय, दुसरं काहीतरी बोलू." "रिपोर्टचं माझा भाऊ सांगेल, त्याला फोन करा."

मदत मागण्याचंही तसंच. 'काही लागलं तर सांग' म्हणणारे खूप असतात आणि पेशंट कधीच सांगत नाही. त्याच्याकडून नेमक्या कामांची यादी करून घ्या: मंगळवारी मुलीला शाळेतून आणणं, औषधं आणणं, केमोच्या दिवशी सोबत बसणं. पुढच्या वेळी कोणी विचारलं की यादीतलं एक काम हातात द्यायचं. ज्याला काम मिळतं त्यालाही हायसं वाटतं, हे पेशंटला आवर्जून सांगा.

स्कॅनचे दिवस, आणि उपचार संपल्यावर

स्कॅनच्या आधीचा आठवडा अनेकांना ऑपरेशनपेक्षा जड जातो. त्यासाठी वेगळं काही शिकवू नका, तीच तीन वाक्यं वापरा. फक्त रिपोर्ट कोणासोबत ऐकायचा आणि त्या संध्याकाळी काय करायचं, हे आधी ठरवून ठेवा. निकाल कोणताही असो, ती संध्याकाळ रिकामी नको.

उपचार संपले की घरचे सुस्कारा टाकतात आणि पेशंट कोसळतो. हे फार जणांचं होतं. आजार परतेल ही भीती, नावं न आठवणं, वाचलेलं न टिकणं, आरशातलं बदललेलं शरीर, हे सगळं तेव्हा समोर येतं. 'आता तर आनंदी असायला हवं' हा नवा चाबूक असतो. शेवटच्या केमोआधीच या दिवसांची कल्पना द्या आणि त्यानंतर महिन्याभरानं एक भेट ठरवून ठेवा. मला वाटतं, सगळ्या भेटींत हीच सर्वात जास्त वेळा राहून जाते.

जिथे आपण थांबायचं

दोन आठवडे सलग मन खिन्न असेल, कशातच रस नसेल, तर समुपदेशनासोबत मनोविकारतज्ज्ञ लागतात. कॅन्सरमध्ये नैराश्य येणं 'साहजिकच' म्हणून सोडून देतात. त्यावर उपचार आहेत आणि ते मिळायला हवेत. 'मी नसलेलंच बरं' असं वाक्य आलं तर सरळ विचारा: "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला जागा मिळते. उत्तर हो असेल तर पेशंटला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोचवा.

सोबतच्या माणसालाही विचारत चला, "तुम्ही जेवलात का? झोपलात का?" पेशंटच्या देखत विचारा. आपल्या माणसाची कोणीतरी चौकशी करतंय हे पाहून पेशंटच्या मनावरचं ओझं थोडं उतरतं.

पुढच्या भेटीत 'सराव केला का?' असं विचारू नका, कारण नाही म्हणताना मान खाली जाते. "या आठवड्यात एखाद्या वेळी स्वतःशी बरं बोललात का, कधी?" असं विचारा आणि वाट बघा. एखादी बाई बराच वेळ आठवून सांगते की परवा उलटी झाल्यावर तोंड धुताना ती स्वतःलाच म्हणाली, "असू दे गं." तेवढं वहीत तारखेसह लिहून ठेवा. वाईट आठवड्यात तिला ते पान उघडून दाखवता येतं.